तीन-चार-पाच लावलं, तरी कर्ण जुळेनात

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गावी घर बांधायला घेतलंय, बाहेरून-बाहेर ३० बाय ४० फूट. मिस्त्रींनी दोरीने ३-४-५ लावून (म्हणजे ३, ४ आणि ५ बाजूंचा त्रिकोण करून) कोपरे काटकोनात घेतले. चारही बाजू टेपने बरोबर भरतात. तुम्ही हौसेने कर्ण मोजले, तर एक आला ५० फूट २ इंच आणि दुसरा ४९ फूट १० इंच. दहावीच्या पायथागोरसच्या प्रमेयाप्रमाणे ३० चा वर्ग ९००, ४० चा १६००, बेरीज २५००, म्हणजे दोन्ही कर्ण ५० यायला हवेत. मिस्त्री म्हणतात, "एवढं चालतं." तुम्ही विचारताय : प्रमेय चुकलं, मिस्त्री चुकले, की माझी टेप?

गेली सव्वीस वर्षं आखणीची दोरी माझ्या हातात आहे, त्यावरून सांगतो. प्रमेय ठीक आहे. टेपही बहुतेक ठीक आहे, ते पुढे दाखवतो. मिस्त्रींनाही तीन-चार-पाच येतं. फक्त त्यांचा त्रिकोण लहान पडला.

काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा बाकीच्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण साइटवर आपण ते वाक्य उलटं वापरतो. काटकोन आधी नसतोच, तो तयार करायचा असतो. म्हणून आपण म्हणतो, बाजू ३, ४ आणि ५ घेतल्या, आता कोन काटकोन व्हायलाच हवा. हे उलटं वाक्यही खरं आहे, आणि त्याचं कारण शाळेतली बाबाबा कसोटी. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला, तो हलत नाही. ३ आणि ४ च्या मध्ये काटकोन असला की समोरची बाजू ५ येते हे माहीत आहे, आणि ३-४-५ चा दुसरा वेगळा त्रिकोण बनूच शकत नाही. म्हणजे आपला तोच.

चौकोनाचं तसं नाही. जुनी बाज आठवा. सांधे ढिले झाले की चारही दांड्या तेवढ्याच लांबीच्या राहतात, पण चौकट तिरकी होते. तुमच्या घराचं आत्ता तेच झालंय. चारही बाजू बरोबर, चौकट तिरकी. शाळेच्या भाषेत तो आयत राहिला नाही, समांतरभुज चौकोन झाला. म्हणून "बाजू मोजल्या, सगळ्या बरोबर आहेत" हे ऐकून मी कधी फक्की (आखणीची पांढरी भुकटी) मारू देत नाही.

आता तुमची टेप. समांतरभुज चौकोनात दोन्ही कर्णांच्या वर्गांची बेरीज ही चारही बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतकी असते. चौकट कितीही तिरकी झाली तरी ही बेरीज बदलत नाही. एक कर्ण वाढतो, दुसरा तेवढ्याच हिशोबाने घटतो. तुमच्या बाजूंची बेरीज ९०० + १६०० + ९०० + १६०० म्हणजे ५०००. तुमचे कर्ण ५०.१६७ आणि ४९.८३३ फूट, त्यांच्या वर्गांची बेरीज ५०००.०६ च्या आसपास. पन्नास फुटांच्या कर्णात एक सूत, म्हणजे पाव इंचाचाही अर्धा, इकडे-तिकडे झालं तरी ही बेरीज एका पूर्ण अंकाने हलते. तुमची त्याच्या साधारण अठराव्या हिश्श्याने हलली आहे. इतक्या चांगल्या मापांबद्दल तुमचं कौतुकच करतो. घर खरोखर तिरकं आहे.

किती तिरकं? बरेच जण इथे कर्णांच्या फरकाचं निम्मं धरतात. चार इंच फरक, म्हणून दोन इंच सरकवा. तसं नाही. मोठ्या कर्णाचा वर्ग वजा लहान कर्णाचा वर्ग, भागिले समोरच्या बाजूची चौपट, असा हिशोब आहे. तुमच्या बाबतीत ३३.३३ भागिले १६०, म्हणजे ०.२०८ फूट, म्हणजे अडीच इंच. समोरची ४० फुटांची रेघ पक्की धरली, तर मागची अख्खी भिंत आपल्या रेघेत अडीच इंच बाजूला सरकली आहे. दोन इंच सरकवून थांबलात तर अर्धा इंच तसाच राहील.

हे अडीच इंच आले कुठून? मिस्त्रींनी दोरीवर तीन फूट, चार फूट, पाच फूट अशा खुणा केल्या असणार, बहुतेक जण तेच करतात. धरा की पाच फुटांच्या कर्णात पाच मिलिमीटर फरक पडला. पाच मिलिमीटर म्हणजे गाठ सैल बसली, दोरी किंचित ताणली गेली, खुंटीच्या मध्याऐवजी कडेवरून मोजलं, एवढंच. कर्णात पाच चुकले की तीन फुटांच्या बाजूचं टोक साधारण सव्वासहा मिलिमीटर सरकतं. तीन फुटांवर ते डोळ्यांना दिसतही नाही. पण मिस्त्रींनी तीच तीन फुटांची रेघ पुढे तीस फुटांपर्यंत नेली, दहापट. सव्वासहाचे साडेबासष्ट मिलिमीटर झाले. टेपवर बघा, तुमचे अडीच इंच.

तीच पाच मिलिमीटरची चूक १५-२०-२५ च्या त्रिकोणात केली असती, तर तीस फुटांवर अर्धा इंच भरला असता. आणि थेट ३०-४०-५० घेतला असता तर पाव इंच, कारण रेघ पुढे वाढवायचीच नाही. चूक सगळ्यांकडून होते, माझ्याकडूनही. त्रिकोण मोठा घेतला की ती चूक फुगत नाही. तुमचं नशीब असं की तुमचं घर म्हणजेच ३-४-५ ची दहापट आहे. असा सोयीचा आकडा मला दहा घरांत एकदा मिळतो, आणि तो सोडून पाच फुटांच्या दोरीवर कोपरा घ्यायचा, हे मला पटत नाही. लोखंडी गुण्याचंही (काटकोन तपासायच्या पट्टीचंही) तेच. दोन फुटांचा गुण्या वीट बसवायला, चौकट बघायला, खिडकीचा कोपरा तपासायला आहे. तो एक मिलिमीटर बाहेर गेलेला असेल, आणि पडून-पडून जातोच, तर तीस फुटांवर पंधरा मिलिमीटर झाले. गुण्यावरून घराची रेघ काढू नये.

"चालतं का" याचं उत्तर मात्र परिस्थितीवर आहे. घर यामुळे पडणार नाही. वजनाच्या, स्लॅबच्या दृष्टीने अडीच इंचांच्या तिरकेपणाने काही बिघडत नाही, त्या अर्थाने मिस्त्री खरं बोलतायत. गोठा असता, शेड असती, तर मीही म्हटलं असतं जाऊ द्या. पण तीस फुटांत अडीच इंच म्हणजे १४४ इंचांत एक इंच, म्हणजे बारा फुटांच्या खोलीत बरोबर एक इंच. फरशी बसवताना भिंतीलगतची कापलेली पट्टी एका टोकाला चार इंच आणि दुसऱ्या टोकाला तीन इंच निघेल. दाराच्या समोरच आली तर रोज दिसेल. स्वयंपाकघरात ओट्याचा ग्रॅनाइट काटकोनात कापून येतो, तो भिंतीला लावला की मागे पाचर राहते. कपाटवाला फळी मारून ती फट झाकतो आणि पैसे वेगळे लावतो. गिलाव्यात जाड-पातळ करून हे थोडं खपवता येतं, पण एक इंच गिलावा म्हणजे पुढे भेगा. माझा स्वतःचा नियम असा आहे : पन्नास फुटांच्या कर्णांत पाव इंचापर्यंत फरक असेल तर हात लावत नाही, अर्ध्या इंचापर्यंत पुन्हा एकदा मोजून बघतो, त्यापुढे खुंट्या उपटतो. चार इंच फरक मी ठेवला नसता.

मोजण्याआधी दोन गोष्टी मात्र तपासा, नाहीतर मिस्त्रींवर उगाच आळ येईल.

पहिली, ३० आणि ४० हे तुम्ही कुठून कुठे धरलेत? बाहेरून-बाहेर असेल तर कर्ण ५०. पण पुष्कळदा खुंट्या भिंतीच्या मध्यरेषेवर असतात. नऊ इंची भिंत धरली तर मध्यापासून मध्य २९ फूट ३ इंच बाय ३९ फूट ३ इंच, आणि कर्ण येतो ४८ फूट ११ इंच आणि तीन सूत. तिथे ५० शोधत बसलात तर कोपरा बरोबर असूनही चुकलेला वाटेल. तुमच्या आकड्यांवरून बाहेरची मापं दिसतात, तरी खात्री करा.

दुसरी, जमीन सपाट आहे का? उतारावर टेप जमिनीला टेकवून मोजलं तर तेही एक काटकोन त्रिकोणच आहे, फक्त उभा. पन्नास फुटांत तीन फूट चढ असेल तर टेप दाखवते २५०० अधिक ९ चं वर्गमूळ, म्हणजे ५० फूट १ इंच. एक कर्ण चढावर आणि दुसरा आडव्या बाजूला असला, तर कोपरे चोख असूनही कर्णांत इंचाचा फरक दिसतो. कोकणात काम करताना मी यात एकदा अर्धा दिवस घालवलाय, दोष नसताना दोष शोधत. उतारावर टेप आडवी, ताणून धरायची आणि टोकाला ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडायचा. लांब असेल तर टप्प्याटप्प्याने. उताराने टेप नेहमी जास्त दाखवते, कमी कधीच नाही, आणि तुमचा एक कर्ण ५० पेक्षा कमी आहे, म्हणून निव्वळ उताराचा हा खेळ नसावा असं मला वाटतं. पण बाजूही उतारावरच टेप टेकवून मोजल्या असतील तर हा तर्क चालत नाही. तेव्हा सगळी मापं एकदा आडवी घ्या.

अजून एक सापळा आहे, तुमच्याकडे नाही पण पुढे कामी येईल. दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे झालं, असं बरेच जण मानतात. समोरची भिंत ४० फूट, मागची चुकून साडेएकोणचाळीस, आणि ती दोन्हीकडून सारखी आत आलेली असेल, तर कर्ण तंतोतंत सारखे येतात आणि एकही कोपरा काटकोनात नसतो. समोरासमोरच्या बाजू सारख्या हव्यात आणि कर्णही सारखे हवेत. दोन्ही एकदम.

दुरुस्ती अशी करा. समोरची, रस्त्याकडची चाळीस फुटांची रेघ कायम ठेवा. प्लॉट वाकडा असेल तर कुठली रेघ कायम ठेवायची हा निर्णय आधी घ्या, मी शक्यतो रस्त्याची धरतो, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच दिसते. या रेघेच्या दोन टोकांना खुंट्या, आणि खुंटीच्या डोक्यावर बारीक चूक, म्हणजे छोटा खिळा, ठोका. खुंटी दोन इंच जाड असते, तिच्या कुठल्या कडेवरून मोजलं हे मग कुणाला आठवत नाही. (चूक ठोकली की चूक होत नाही, असं आमचे जुने मिस्त्री म्हणायचे.) आता दोन टेप घ्या. डाव्या चुकीपासून ३० फूट आणि उजव्या चुकीपासून ५० फूट, दोन्ही टेप जिथे एकमेकांना छेदतात तो मागचा डावा कोपरा. मग उलट : उजवीकडून ३०, डावीकडून ५०, तो मागचा उजवा. शेवटी या दोन मागच्या कोपऱ्यांमधलं अंतर मोजा. ते आपण कुठेच वापरलेलं नाही, त्यामुळे तीच खरी परीक्षा. ४० आलं की जिंकलात. दोन्ही टेप आधी एकमेकींशेजारी पसरून जुळतात का बघा. फायबरची टेप जुनी झाली की ताणते, आणि कडी तुटलेली टेप एक फुटावर धरून मोजणारा माणूस शेवटी तो एक फूट वजा करायला विसरतोच.

मधल्या खोल्यांसाठी मोबाइलवर वर्गमूळ काढावं लागतं, कारण तिथे ३-४-५ जमत नाही. इथे माझी जुनी फजिती सांगतो. ११ फूट बाय साडेतेरा फुटांची खोली होती. १२१ अधिक १८२.२५, वर्गमूळ १७.४१. मी मिस्त्रींना मोठ्याने सांगितलं, "सतरा फूट चार इंच धरा." दशांश चार म्हणजे चार इंच नव्हे! ०.४१ फूट म्हणजे पाच इंच. एका इंचाने कर्ण कमी धरला, आणि साडेतेरा फुटांवर भिंत दीड इंच आत आली. दुसरा कर्ण मोजला असता तर तिथेच पकडलं गेलं असतं, पण संध्याकाळ झाली होती आणि गवंडी घरी निघाले होते. फरशी बसली त्या दिवशी घरमालकांनी काही न बोलता त्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तेव्हापासून मी इंचात बोलायचं असेल तर दशांशानंतरच्या भागाला बारा ने गुणून, कागदावर लिहून, मगच आकडा सांगतो.

तुम्ही शेवटी विचारलंय की हे वर्गांचं नातं मुळात खरं कशावरून. मला हा प्रश्न साइटवर एका मुलाने विचारला होता, दहावीला बसलेला, सुट्टीत हाताखाली यायचा. मी त्याला गुळगुळीत फरशीवर खडूने सात बाय सात घरांचा चौरस काढून दिला. प्रत्येक बाजूवर, एकाच दिशेने फिरत, कोपऱ्यापासून तीन घरांवर खूण करायची आणि चार खुणा जोडायच्या. आत एक तिरका चौरस तयार होतो आणि चार कोपऱ्यांत चार काटकोन त्रिकोण राहतात, प्रत्येकाच्या बाजू ३ आणि ४. एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ ६, चारांचं २४. अख्ख्या चौरसाची घरं ४९. म्हणजे आतल्या तिरक्या चौरसाची २५. बाजू ५. तो लगेच म्हणाला, आतला चौरसच आहे कशावरून? बरोबर शंका. प्रत्येक खुणेपाशी त्रिकोणाचे दोन लहान कोन शेजारी बसतात, त्यांची बेरीज ९० अंश, आणि सरळ रेषेवर १८० असतात, म्हणून मधे ९० उरतात. मग त्याच चार त्रिकोणांचे दोन-दोन जोडून ३ बाय ४ चे दोन आयत केले आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांत सरकवले. उरले दोन चौरस, एक ९ घरांचा, एक १६ घरांचा. मोठा चौरस तोच, त्रिकोण तेच, म्हणून उरलेलंही तेवढंच : ९ अधिक १६ बरोबर २५. ३ आणि ४ च्या जागी कुठल्याही लांब्या घ्या, युक्ती तीच चालते.

हे दोरीवाल्यांचंच ज्ञान आहे, याची मला गंमत वाटते. बौधायनाच्या शुल्बसूत्रात हे नातं यज्ञवेदी आखण्यासाठी दिलंय, आणि शुल्ब म्हणजे दोरीच. तो त्रिकोणाबद्दल बोलतच नाही, आयताच्या कर्णावर ताणलेल्या दोरीबद्दल बोलतो, आणि पुढे बाजूंच्या जोड्या देतो : ३-४, १२-५, १५-८, ७-२४, १२-३५, १५-३६. शेवटची म्हणजे ५-१२ चीच तिप्पट. आधी कुणी शोधलं यावर व्हॉट्सॲपवर भांडणं चालतात, त्यात मला रस नाही. मला त्या जोड्यांपैकी ५-१२-१३ कामाची वाटते. खोली अरुंद असेल, पडवी किंवा पॅसेज असेल, तिथे ३-४-५ पेक्षा ती लांब रेघेवर चांगली बसते.

आता मिस्त्रींशी कसं बोलायचं ते. "तुमचं चुकलं" म्हणू नका. टेपचं दुसरं टोक स्वतः धरा आणि म्हणा, "जरा दोन्ही कर्ण एकदा बघूया का?" चांगला मिस्त्री स्वतःच खुंटी हलवेल. खोदाई अजून झाली नसेल तर हे अर्ध्या तासाचं काम आहे, फक्की पुसून नवी मारा. खोदाई झाली असेल तरी घाबरू नका. खड्डे रुंद असतात, अडीच इंच त्यात मावतात. खड्डे तसेच ठेवून बाहेरच्या बुर्ज्यांवरची (आखणीची दोरी बांधायच्या छोट्या खांबांवरची) दोरी हलवा आणि पीसीसीवर, म्हणजे पायाखालच्या साध्या काँक्रीटच्या थरावर, नव्या रेघा मारा. कॉलमची सळई उभी राहिली असेल तर मात्र आधी तुमच्या इंजिनिअरला बोलवा. तिथे सळई वाकवून रेघेत आणायची की फुटिंगच्या (कॉलमच्या पायाच्या) जाळीतच सरकवायची, हे काँक्रीट पडलंय की नाही यावर ठरतं, आणि ते फोटो बघून मी सांगणार नाही.